मास्तरांची दोनशे वर्षं

जेरुसलेमसाठी ख्रिस्ती आणि मुसलमान दोनशे वर्षं लढले याचा साऱ्या जगात खराखुरा संताप जर कुणाला आला असेल, तर तो आमच्या शेजारच्या मास्तरांना. जे लढले त्यांनाही तो इतका आला नसावा. ते बिचारे लढले, मेले, उरले ते घरी जाऊन आपापल्या शेतीभातीला लागले. पण त्यानंतर कित्येक शतकांनी, कट्ट्याच्या बाजारापासून तासाभराच्या चालीवर असलेल्या आमच्या हायस्कुलात, नववीच्या वर्गात खडू हातात घेऊन हा माणूस त्या सगळ्यांना जाब विचारत उभा होता, आणि जाब द्यायला त्यांच्यापैकी कुणीच हजर नसल्यामुळे तो मला द्यावा लागे. मी गणित शिकवत असे. त्या युद्धांत माझा काडीचाही हात नव्हता. पण आम्ही दोघं एकाच घराच्या दोन भागांत भाड्याने राहत होतो, मध्ये कुडाची भिंत होती, आणि कुडाला संताप अडवता येत नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आधीची काही वर्षं आणि नंतरची दोन-तीन, असा हा काळ. नववीच्या इतिहासाच्या पुस्तकात धर्मयुद्धांना सगळं मिळून दीड पान होतं. ते दीड पान मास्तर जूनमध्ये उघडत आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मिटत नसत. उरलेल्या जगाला मग मार्चपर्यंत कसंबसं कोंबावं लागे. फ्रान्सची राज्यक्रांती तर एका वर्षी त्यांनी मधल्या सुट्टीची घंटा होता होता उरकली. राजाचं डोकं उडालं तेव्हा अर्धा वर्ग हात धुवायला गेला होता. आमच्या मुलांना अमेरिका कुणी शोधली हे धड सांगता येत नसे, पण अँटिओकच्या वेढ्यात उपाशी शिपायांनी स्वतःचे घोडे कापून खाल्ले हे खडानखडा माहीत असे. हेडमास्तरांनी एकदा अभ्यासक्रमाची आठवण करून दिली, तर मास्तर म्हणाले, “सर, ते दोनशे वर्षं लढले. मी पाच महिन्यांत आटपतोय. आणखी किती घाई करू?” हेडमास्तर वेळापत्रक चाळू लागले. मीही शिक्षकांच्या खोलीत बसलो होतो, पण माझं मत कुणी विचारलं नाही.

दिसायला मास्तर अगदी साधे. ठेंगणी मूर्ती, काळी टोपी, कोपराला ठिगळ लावलेला कोट आणि उन्हापावसात सारखीच उघडी छत्री. चेहरा असा की नवखा माणूस वाट विचारायला नेमका त्यांच्याकडे जाई. पण संताप चढला की कानांच्या पाळ्या लाल होत, छत्री मिटली जाई आणि डावा हात कमरेशी, धोतराच्या गाठीपाशी, घट्ट दाबला जाई. रागाने यांच्या पोटात कळ येते अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती. त्यांच्यासाठी मी शाळेत ओव्याची पुडी ठेवत असे. ते ओवा घेत, चावत, आणि चावता चावता फ्रान्सच्या राजाला नावं ठेवत. हात मात्र जागचा हलत नसे. या रागाला वेळकाळ नव्हता. सकाळी पेजेच्या पहिल्या घोटाबरोबर तो सुरू होई आणि कुडापलीकडून मास्तरांच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, थकलेला आवाज येई, “आज खंयचो राजा गावलो तुमका? कोण तो मेलो असांदे, पेज निवता.” एकदा दसऱ्याच्या तोंडावर वहिनींनी पुढचं खळं, म्हणजे अंगण, चोपून, सारवून आरशासारखं केलं होतं. सारवण ओलं असतानाच मास्तरांनी छत्रीच्या टोकाने त्यावर भूमध्य समुद्र काढला, का, तर मी कॉन्स्टँटिनोपल कुठे आहे असं चुकून विचारलं. तो समुद्र तसाच वाळला आणि दिवाळीपर्यंत राहिला. वहिनींनी हताश होऊन त्याच्या कडेने रांगोळी काढली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या बजावत, “समुद्रात पाय घालू नका हां, मगे माका ऐकूचा लागता.”

आता एवढा राग नक्की कशाचा, असं कुणीही विचारील. मीही विचारलं, आणि तिथेच फसलो. त्यांचा पहिला आणि मूळ आक्षेप असा होता की ही माणसं कौल न घेता लढाईला गेली. “पोप उभा राहिला, भाषण केलं, आणि सगळे ओरडले, देवाची इच्छा आहे. बरं. कौल कुणी लावला होता? साक्षीला कोण होतं? पाकळी कुठली पडली, उजवी की डावी? आमच्या गावात विहीर खणायची तरी देवीला विचारतात. पाकळ्या लावतात, गाऱ्हाणं घालतात, तासन् तास मूर्तीसमोर बसतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आणि हे लाखो माणसं घेऊन निघाले, आणि देवाला विचारलंसुद्धा नाही.” हे ते इतक्या तळमळीने सांगत की मुलांच्या डोक्यात ते पक्कं बसलं. रत्नागिरीहून तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा नववीला प्रश्न टाकला, की धर्मयुद्धं अयशस्वी का झाली. पहिल्या बाकावरची एक मुलगी शांतपणे उभी राहिली आणि म्हणाली, “कौल न घेता गेले म्हणून.” साहेबांनी पुस्तकाचं पान उलटसुलट करून पाहिलं. मास्तर मागे उभे राहून मान डोलावत होते. साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते आम्हांला कळलं नाही, पण त्या मुलीला मास्तरांनी आपल्या खर्चाने एक वही दिली.

मास्तर ख्रिस्त्यांच्या बाजूचे की मुसलमानांच्या, हा प्रश्न गावात बरेच दिवस चर्चेला होता. ते कुणाच्याच बाजूचे नव्हते. त्यांचा राग सगळ्यांना सारखा वाटलेला होता. इंग्लंडचा राजा तापाने फणफणला तेव्हा शत्रूच्या सुलतानाने त्याला फळं आणि डोंगरावरचा बर्फ पाठवला, असं सांगतात. ऐकणाऱ्याला बरं वाटावं अशी ही गोष्ट. मास्तर त्यावरही उखडत. “फळं पाठवतोस, बर्फ पाठवतोस, म्हणजे माणूस बरा आहेस. मग भांडतोस कशाला? आणि तो दुसरा. फळं खाल्लीस ना? मग उठून घरी जा.” एका शहराचा कोट सर झाल्यावर ऑस्ट्रियाच्या सरदाराने आपला झेंडा इंग्लंडच्या राजाच्या झेंड्याशेजारी लावला म्हणून राजाच्या माणसांनी तो उपटून खंदकात फेकला. हा प्रसंग आला की मास्तरांच्या हातातला खडू मोडायचाच. “देवासाठी निघालेली माणसं. देव राहिला बाजूला. झेंडा कुणाचा वर आणि कुणाचा खाली, हे यांचं भांडण. मान पाहिजे, मान.” मान हा शब्द ते असा उच्चारत की तोंडात खडा लागला असावा. चौथ्या युद्धात जेरुसलेमला म्हणून निघालेल्या लोकांनी वाटेत आपल्याच धर्माचं कॉन्स्टँटिनोपल लुटलं, हे तर ते गावोगाव सांगत फिरले. कट्ट्याला एस.टी.ची वाट बघताना एका दुकानाच्या फळीवर बसून त्यांनी ते समजावून दिलं, “म्हणजे बघा, फोंडाघाट उतरून सावंतवाडीवर चाल करायला निघाले, आणि वाटेत कट्ट्याचा बाजार लुटला. हेच दुकान. हीच गुळाची ढेप.” दुकानदार कावराबावरा झाला. “मास्तरांनू, लुटतत तर लुटूं देत, पण माझा दुकान कशाक मधी हाडतास? गिऱ्हायकां ऐकतत.” त्या दिवसापासून मास्तर दिसले की तो गुळाची ढेप आत सरकवून ठेवू लागला.

एका गोष्टीचा मात्र त्यांना राग येत नसे. मुलांचं धर्मयुद्ध म्हणून एक भाग असतो. बारा-बारा वर्षांची पोरं घरातून निघाली. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की तुम्ही किनाऱ्यावर उभे राहा, समुद्र दुभंगून वाट देईल. पोरं उभी राहिली. समुद्र काही दुभंगला नाही. इथवर आलं की मास्तर पुस्तक मिटत, खिडकीशी जात आणि उरलेला तास तिथेच उभे राहत. वर्ग चिडीचूप बसे. शेजारच्या वर्गात मी अपूर्णांक शिकवत असे, आणि भिंतीपलीकडे अचानक शांत झालं की ओळखायचो, आज पोरं समुद्रावर पोचली.

मास्तरांचं गाव खाडीपलीकडे होतं. जायला तर, म्हणजे माणसं पार नेणारी होडी, होती, आणि ती हसनभाईंची होती. त्यांच्या आधी त्यांच्या बापाची. मास्तरांच्या सगळ्या युद्धांचे हसनभाई हे माझ्यानंतरचे दुसरे श्रोते, पण माझ्यापेक्षा जास्त तयारीचे. जर्मनीचा तांबड्या दाढीचा बादशहा चिलखतासकट नदीत उतरला आणि कमरेइतक्या पाण्यात बुडून मेला, हे ऐकल्यावर त्यांनी वल्हं थांबवून गंभीरपणे विचारलं, “तारी नाय होतो काय थंय?” मास्तर म्हणाले, नव्हता. “मगे मरतलोच. लोखंड घालून कोण पाण्यात उतरता? इचारूक तरी व्हया होता.” मास्तरांना हे इतकं पटलं की पुढच्या आठवड्यात त्यांनी वर्गात ते एक अधिकृत मत म्हणून सांगितलं.

आणि दिवाळीच्या सुट्टीआधी, शेवटच्या तासाला, ते किल्लीची गोष्ट सांगत. ती त्यांच्या रागाची परमावधी. ख्रिस्ताच्या ज्या थडग्यापायी एवढं रक्त सांडलं, त्याच्यावरच्या मंदिराची किल्ली आजही एका मुसलमान घराण्याकडे असते, पिढ्यान् पिढ्या. का, तर ख्रिस्त्यांच्या निरनिराळ्या पंथांचा एकमेकांवर विश्वास नाही. सकाळी मुसलमान येतो, किल्ली आणतो, दार उघडतं, मग हे आत जाऊन प्रार्थना करतात. “आपल्या देवाच्या दाराची किल्ली आपल्या भावाच्या हाती द्यायला भीती वाटते,” मास्तर म्हणत, आणि कानांच्या पाळ्या अगदी जांभळ्या होत. “लाज नाही वाटत?” डावा हात कमरेशी घट्ट दाबलेला असे. मी ओव्याची पुडी पुढे करी.

त्या ओव्याचं पुढे काय झालं ते सांगायला हवं, कारण तो सगळा फुकट गेला. एका रविवारी मास्तर बाजारात गेले असताना वहिनी कुडाच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. डोळे लाल. “भावजी, तुमीच तेंका सांगा कायतां. गावसून सांगणा इलाहा, काकींचे पाय सुजलेहत. आता देऊळ उघाडला नाय तर कधी उघडतला?” मला कुठलं देऊळ ते कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं, आणि मी जागच्या जागी बसलो. मास्तरांच्या गावचं सातेरी देवीचं देऊळ सहा वर्षं बंद होतं. गावात त्यांच्या भावकीची दोन घरं, वरचं आणि खालचं. जत्रेला देवीची पालखी हसनभाईंच्या होडीतून खाडी ओलांडून समुद्रस्नानाला जाई. पालखीच्या उजव्या पुढच्या खांद्याचा मान वरच्या घराचा. त्या वर्षी वरच्या घरचे दादा, म्हणजे मास्तरांचे थोरले चुलतभाऊ, शेतावरून थोडे उशिरा आले. सुट्टीवर आलेल्या मास्तरांनी तिथे खांदा लावला होता. दादा म्हणाले, सोड. मास्तर म्हणाले, वेळेवर यायचं होतं. पालखी खाली ठेवली गेली. देवी सकाळपासून संध्याकाळपर्यंत अंगणात बसून राहिली आणि शेवटी समुद्र न बघताच आत गेली. दादांनी रागाच्या भरात देवळाला कुलूप घातलं. “आणि दुसरा कुलूप कोणाचा, ता इचारा तेंका,” वहिनी म्हणाल्या. “कट्ट्याच्या बाजारातसून हाडलेला. दादांच्या कुलपापेक्षा मोठा. किल्ली करगोट्याक बांधून फिरतत.”

करगोट्याला. म्हणजे ज्या कळेसाठी मी वर्षानुवर्षं ओवा पुरवला ती कळ लोखंडाची होती.

त्याहून वाईट पुढेच होतं. मास्तरांची आई ते रांगते असतानाच गेली. त्यांना वाढवलं ते काकीने, म्हणजे दादांच्या आईने, दादांबरोबर एकाच ताटात. सहाव्या वर्षी त्यांना विषमज्वर झाला, एकवीस दिवस पोर शुद्धीवर नव्हतं, तेव्हा काकीने सातेरीला नवस बोलला: पोर वाचलं तर तुझ्या गाभाऱ्यापुढे पितळेची घंटा बांधीन. पोर वाचलं. घंटेला मात्र दिवस लागले. दर वर्षी काहीतरी निघे. अखेर म्हातारपणी तिने सावंतवाडीहून घंटा आणवली, आणि त्याच वर्षी देवळाला दोन कुलपं पडली. घंटा सहा वर्षं तिच्या खाटेखाली भाताच्या टोपलीत पडून होती. गुरव बाहेरून गजांतून फुलं टाकून पूजा करत होता. आणि ज्याच्या जिवासाठी नवस बोलला होता तो कमरेला किल्ली बांधून नववीच्या वर्गात इंग्लंडच्या राजाची लाज काढत होता.

मी मूळचा शांत माणूस आहे, पण त्या दिवशी मला जो संताप आला तसा पुन्हा कधी आला नाही. मास्तर भाजीची पिशवी घेऊन आले तसा मी खळ्यातच त्यांना गाठलं आणि विचारलं, “मास्तर, दुसरं कुलूप कुणाचं?” ते थबकले. हात कमरेकडे गेला. मग ते हजेरी घ्यावी तशा कोरड्या आवाजात म्हणाले, “तो वेगळा विषय आहे.” त्या आवाजात बोलले म्हणजे त्यांचं बोलणं संपलं असं समजायचं. मग मीही बोलणं टाकलं. शाळेत शेजारी बसून मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पुडी घरी ठेवली, आणि कुडाला लागून असलेली माझी खुर्ची उचलून दुसऱ्या टोकाला नेली. आठ दिवस. आठव्या दिवशी माझ्या बायकोने विचारलं, “तुमचा कुलूप कधी काढतलास?”

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली तेव्हा मास्तर फाटकाशी उभे होते. छत्री मिटलेली. “काकींना बघायला जातोय,” ते दुसरीकडे बघत म्हणाले. “एकट्याने जायला बरं नाही वाटत.” मी गेलो. होडीत आम्ही तिघंच: ते, मी आणि हसनभाई. माझं मौन चालूच होतं आणि मास्तरांना मौन सोसत नसे, म्हणून खाडीच्या मध्यावर त्यांनी सवयीने तोंड उघडलं आणि नेमकी किल्लीची गोष्ट निघाली. ती त्यांनी हसनभाईंना आधी कधी सांगितली नव्हती. नेहमीच्याच आवेशात निघाली, जेरुसलेम, थडगं, पंथ, भाऊबंद, मुसलमान घराणं. हसनभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग वल्हं पाण्यातून वर घेतलं आणि आडवं मांडीवर ठेवलं. “मगे मास्तरांनू,” त्यांनी अगदी सहज विचारलं, “आमच्या सातेरीच्यो किल्ल्यो खंय आसत?”

होडी ओहोटीच्या पाण्याने हळूहळू खाली सरकू लागली. मास्तरांचा हात कमरेशी होता आणि तो हात आम्ही दोघंही बघत होतो. कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण या वेळी तो लाल रंग रागाचा नव्हता. “सहा वर्सां पालखी माझ्या होडयेत बसाक नाय,” हसनभाई म्हणाले. “माझ्या बापाशीच्या वेळेपास्नाचो मान तो. मी कोणाक काय बोल्लंय? खंय कुलूप घातलंय?” एवढं बोलून त्यांनी वल्हं पुन्हा पाण्यात टाकलं. होडी पलीकडच्या धक्क्याला लागली. उतरल्यावर हसनभाईंनी होडी साखळीने खुंटाला अडकवली, कुलूप लावलं आणि आमच्या मागोमाग वर आले. काकीला बघायला तेही निघाले होते.

वरच्या घरात दादा ओटीवर होते. मास्तरांना पाहून ते उठले, पण बोलले माझ्याशी. “मास्तरांक सांगा, पाय धुवंक पाणी थंय आसा.” मास्तर मला म्हणाले, “दादांना सांगा, पाय धुतले.” दोघांमध्ये हातभर अंतर होतं. मी गणिताचा शिक्षक, चाळिशी उलटलेला, आणि घोड्याएवढ्या दोन माणसांचे निरोप हातभर अंतरावरून पोचवत होतो. काकी माजघरात खाटेवर पडली होती, चिमूटभर झालेली. मास्तर तिच्या पायाशी बसले. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि हात खाटेखाली दाखवला. “घांट थंय आसा रे झिला. तू वाचलस, पण माझो नवस रवलो.” बस. ती रागावली नाही. रागावली असती तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

मास्तर उठून उभे राहिले. मग पाठ वळवून त्यांनी धोतराची गाठ चाचपली, करगोट्याचा दोरा दातांनी तोडला आणि किल्ली हसनभाईंपुढे धरली. “माझा दादांवर विश्वास नाही, त्यांचा माझ्यावर नाही. तुमी घेवा.” हसनभाई दोन पावलं मागे सरले. “माका नको ह्यां. माझी होडी बरी. उद्या कायतां चुकला तर गाव माका धरतलो.” दादा माझ्या तोंडून न बोलता पहिल्यांदाच थेट बोलले. “हसनभाई घेतत तर मीय देतंय. पण देवीचो कौल व्हयो.” आता कौल घ्यायचा तर देऊळ उघडायला हवं, आणि देऊळ उघडायला कौल. मास्तर म्हणाले, नियम म्हणजे नियम. दादा म्हणाले, तेच तर. सहा वर्षांत हे दोघं पहिल्यांदा एका मतावर आले होते, तेही असं की देऊळ जन्मात उघडू नये. मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, बारीक पण स्वच्छ. “कौल मी देतंय. उजवो. उठा आता.”

मग कुणाचं कुलूप ठेवायचं यावरून पुन्हा तोंडं उघडली, तेव्हा हसनभाई वैतागून म्हणाले, “दोन कुलपां मी सांभाळूचंय नाय. दोनय काढा. माझा होडयेचा लावतंय.” ते खाऱ्या पाण्याने गंजलेलं बारकं कुलूप काढायला ते धक्क्यावर धावले. काकीला चालवत नव्हतं. दादांनी आरामखुर्चीला दोन बांबू बांधले, तिला तिच्यात बसवलं, मांडीवर घंटा दिली. चार खांदे हवेत. आम्ही चौघं होतो. मास्तर सवयीने उजव्या पुढच्या बांबूशी जाऊन उभे राहिले होते. दादा आले आणि तिथेच थांबले. मी मास्तरांकडे बघत होतो. मला वाटलं आता संपलं, आता ही म्हातारी अंगणात बसणार. मास्तरांनी टोपी काढून खिशात कोंबली, आणि बांबू सोडून मागे जाऊन उभे राहिले. दादांनी पुढचा खांदा घेतला. मास्तरांशेजारी हसनभाई आले, आणि डावा पुढचा खांदा मला मिळाला. देवळापर्यंतच्या चढणीवर पावलागणिक काकीच्या मांडीवर घंटा वाजत होती. सहा वर्षांनी दार उघडलं तेव्हा आत वटवाघळांचा वास होता आणि गजांतून टाकलेली वाळकी फुलं ढीगभर साचली होती. मूर्तीपुढे टाचेएवढी जागासुद्धा मोकळी नव्हती. मास्तर गुडघ्यांवर बसून ती फुलं हातांनी भरू लागले, आणि मला त्यांचा इतका राग आला, आणि त्यांच्याविषयी इतकं वाटलं, की मीही शेजारी बसून फुलं भरू लागलो.

त्या वर्षीची जत्रा झाली. पालखी हसनभाईंच्या होडीतून गेली. काकीने ती खाटेवरून ऐकली आणि होळीनंतर ती वारली.

जूनमध्ये शाळा भरली. नववीचा नवा वर्ग आला. शिक्षकांच्या खोलीत आम्ही सगळे भिंतीपलीकडचा गडगडाट ऐकायला सरसावून बसलो होतो. काही ऐकू येईना. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी मास्तरांना विचारलं, “धर्मयुद्धं कुठवर आली?” ते म्हणाले, “संपली.” दीड पान त्यांनी दीड दिवसात संपवलं होतं. त्यांचा डावा हात कमरेकडे गेला, तिथे काहीच नव्हतं, मग तो त्यांनी कोटाच्या खिशात घातला. त्या वर्षी आमच्या मुलांनी अमेरिका शोधली, राज्यक्रांती महिनाभर चालली, साहेबांनी शेरा चांगला दिला, आणि नववीत कुणी खिडकीशी उभं राहिलं नाही.

कुडापलीकडून आता पेज पिण्याचा आवाज तेवढा येई. ज्या शांततेसाठी मी इतकी वर्षं चरफडलो ती मला अशी आयती मिळाली, आणि मला ती सोसेना. खुर्ची मी केव्हाच पुन्हा कुडाजवळ आणली होती. एका संध्याकाळी राहवेना, म्हणून मी कुडावर बोटांनी टकटक केली आणि म्हणालो, “मास्तर, तो तांबड्या दाढीचा बादशहा कमरेइतक्या पाण्यात बुडाला म्हणता, ते मला काही पटत नाही. मला वाटतं, चिलखतासकट उतरला ते त्याचं बरोबरच होतं.” पलीकडे पेजेचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला, वहिनी हळूच “इलो, इलो राजा,” म्हणाल्या, आणि मी दिवा लावून ऐकायला बसलो.